वेष आणि सत्त्व : अल्पभांडवली राक्षसपट व त्यांचा प्रेक्षक

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने हास्य आणि भयानक या रसांचे विभाव सांगितले आहेत. हास्याच्या विभावांत आरंभीच विकृत वेष व अलंकार येतात. भयानकाच्या विभावांत आरंभीच विकृत रव आणि सत्त्वदर्शन, म्हणजे विपरीत आवाज आणि भूतपिशाचादिकांचे दर्शन, येते. दोन्हीकडे प्रारंभ 'विकृत' याच शब्दाने होतो. नेहमीच्या रूपापासून ढळलेले पाहून माणूस हसतो, आणि नेहमीच्या रूपापासून ढळलेले पाहूनच तो भितो. एके ठिकाणी ढळलेला असतो तो वेष आणि दुसऱ्या ठिकाणी ढळलेले असते ते सत्त्व, एवढाच काय तो फरक. शास्त्रात हा भेद स्वच्छ आहे. परंतु ज्या नाट्यात सत्त्व हे वेष चढवूनच दाखवावे लागते, आणि तो वेष धड शिवण्याइतकेही द्रव्य निर्मात्यापाशी नसते, तेथे प्रेक्षकाने भ्यावे की हसावे?

या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेत १९५० नंतरच्या दहा वर्षांत निघालेले कमी खर्चाचे विज्ञानकल्पित चित्रपट फार सोयीचे आहेत. परग्रहावरून उतरलेला, समुद्रतळातून वर आलेला किंवा अणुस्फोटाच्या किरणांनी फुगलेला एखादा अक्राळविक्राळ प्राणी. त्याच्याशी झुंजणारा एक शास्त्रज्ञ, एक लष्करी अधिकारी आणि एक तरुणी. आणि तास-सव्वा तासात सगळ्याचा निकाल, असा त्यांचा साचा. त्यांना येथे सोयीसाठी राक्षसपट म्हटले आहे. वाङ्मयीन टीकेने ज्याकडे ढुंकूनही पाहू नये असा हा माल आहे, असे पुष्कळांना वाटेल. तसे वाटण्यास हरकत नाही. परंतु सुमारे सत्तर वर्षे लोक हे चित्रपट पाहत आले आहेत, आणि प्रत्येक पिढीने ते वेगळ्या तऱ्हेने पाहिले आहेत. फीत तीच, वेष तोच, संवाद तेच; रस मात्र बदललेला. रसाचे अधिष्ठान कृतीत की प्रेक्षकात, या जुन्या वादाला इतका उघडावाघडा पुरावा अभिजात कृतींनी क्वचितच पुरवला असेल.

हे चित्रपट निघाले ते व्यवहारातल्या एका पोकळीतून. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे बड्या चित्रसंस्थांना आपल्या मालकीची चित्रपटगृहे सोडावी लागली. त्या चित्रपटगृहांना नेमाने दुय्यम चित्रपट पुरवण्यात त्या संस्थांना मग स्वारस्य उरले नाही. त्याच वेळी घरोघर दूरचित्रवाणी आली आणि प्रौढ प्रेक्षक घरीच बसू लागला. घराबाहेर पडत होते ते तरुण. त्यांच्यासाठी गावाबाहेर मोटारीत बसून चित्रपट पाहण्याची उघडी मैदाने, म्हणजे 'ड्राइव्ह-इन', झपाट्याने वाढली. १९५८ च्या सुमारास अशी चार हजारांहून अधिक स्थळे त्या देशात होती. जेम्स निकल्सन व सॅम्युएल आर्कॉफ या जोडीने १९५४ मध्ये काढलेली आणि पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने गाजलेली संस्था याच प्रेक्षकावर जगली. दोन स्वस्त चित्रपट एकत्र बांधून एकाच खेळाला द्यायचे, असा त्यांचा व्यवहार होता. निकल्सनची पद्धत तर काव्यशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. तो आधी नाव ठरवी, मग भित्तिपत्रक रंगवून घेई, आणि त्यानंतर पटकथा लिहवून घेई. अर्थात आधी वचन आणि मागून वस्तू. भित्तिपत्रकावरचा राक्षस रंगाने काढलेला असल्यामुळे त्याच्या विशालतेला खर्चाची मर्यादा नव्हती. पडद्यावरचा राक्षस रबराचा असल्यामुळे त्याला ती होती. १९५५ च्या 'द बीस्ट विथ अ मिलियन आइज' या चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर अनेक डोळ्यांचे भयंकर सत्त्व होते. चित्रपटात मात्र परग्रहावरची ती शक्ती पृथ्वीवरच्या पशुपक्ष्यांच्या डोळ्यांतून पाहते, म्हणून तिला लक्षावधी डोळे, असा खुलासा होता. कल्पना म्हणून खुलासा वाईट नाही, किंबहुना भित्तिपत्रकावरच्या चित्रापेक्षा सूक्ष्मच आहे. पण ज्याने तिकीट काढताना डोळे मोजायचे ठरवले होते, त्याचे समाधान अशा सूक्ष्मतेने होत नाही.

वचन आणि वस्तू यांतील हे अंतर सर्वांत ठळकपणे दिसते ते रॉजर कॉर्मनच्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' (१९५६) या चित्रपटात. शुक्रावरून आलेले एक बुद्धिमान सत्त्व एका गुहेत दडून बसते आणि लहान उडत्या जीवांकरवी गावातल्या कर्त्या माणसांची मने ताब्यात घेते. त्याला पृथ्वीवर बोलावून आणणारा शास्त्रज्ञ दुष्ट नाही. माणसांची भांडणे पाहून तो विटला आहे आणि भावनांपासून मुक्त झालेली मानवजात सुखी होईल असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. ली व्हॅन क्लीफने ही भूमिका विलक्षण गांभीर्याने केली आहे. रेडिओयंत्रापुढे बसून तो त्या अदृश्य मित्राशी बोलतो. प्रेक्षकाला उत्तर ऐकू येत नाही, केवळ यंत्राची घरघर ऐकू येते. ही दृश्ये आजही अंगावर काटा आणतात. मग शेवटी सत्त्व गुहेबाहेर येते, आणि ते निघते वांग्याच्या किंवा सलगमाच्या आकाराचे, दात विचकणारे, खेकड्यासारख्या दोन हातांचे एक बुजगावणे.

ते असे का झाले याची हकीकत प्रसिद्ध आहे. कॉर्मनने स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनियरिंगचे शिक्षण घेतले होते. जबर गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा प्राणी बुटका आणि जमिनीलगत पसरलेला असणार, असे त्याने शास्त्राला धरून ठरवले आणि पॉल ब्लेसडेलने त्याप्रमाणे तो घडवला. (शुक्राचे गुरुत्वाकर्षण वस्तुतः पृथ्वीहून थोडे कमीच आहे, पण तो भाग वेगळा.) चित्रीकरणाच्या जागी नायिकेची भूमिका करणारी बेव्हर्ली गार्लंड त्या प्राण्यापुढे उभी राहिली, त्याला नखशिखान्त न्याहाळले, हाच का तो जग जिंकणारा, अशा अर्थाचे काही बोलली आणि त्याला लाथ मारली, असे सांगतात. प्राणी घाईघाईने उंच करण्यात आला. या हकीकतीतला विनोद सोडून दिला तरी तिच्यात एक तथ्य उरते. सत्त्वाच्या ठिकाणी वेष दिसणारा पहिला प्रेक्षक म्हणजे ती नटीच होती. पुढे चित्रपटगृहात जे हसले ते तिचेच अनुयायी.

'द जायंट क्लॉ' (१९५७) या चित्रपटाची कथाही अशीच आहे. आकाशातून आलेला एक प्रचंड पक्षी रडारवर दिसत नाही, तोफेच्या गोळ्यांना दाद देत नाही. बराच वेळ पात्रे त्याचे केवळ वर्णन करतात, आणि त्याला पुन्हा पुन्हा युद्धनौकेची उपमा देतात. नटांना पक्षी दाखवण्यात आलेला नव्हता. तो नंतर मेक्सिकोत स्वस्तात करवून चित्रपटात जोडण्यात आला. नायकाची भूमिका करणाऱ्या जेफ मॉरोने तो पहिल्यांदा पाहिला तो चित्रपटगृहात, प्रेक्षकांत बसून. लांब मानेचा, डोळे वटारलेला, डोक्यावर झुपका असलेला तो गिधाडासारखा पक्षी अवतरताच सभागृहात हशा पिकला आणि मॉरो खेळ संपण्यापूर्वी निसटला, असे त्याने पुढे सांगितले. या नटाची कींव यावी अशीच ही घटना आहे. त्याने अनुभाव चोख केले होते: भय, थरकाप, विस्मय. त्या अनुभावांचा आलंबन-विभाव मात्र दुसऱ्या कोणी, दुसऱ्या देशात, कमी पैशांत तयार केला. विभाव आणि अनुभाव यांचा संयोग न होता नुसती भेट झाली, तर काय होते त्याचा हा नमुना आहे.

येथे भरताच्या यादीकडे पुन्हा वळणे इष्ट ठरते. भयानकाच्या विभावांत तो रव आधी सांगतो आणि सत्त्व मागून. या क्रमात त्याचा काही हेतू असेल वा नसेल. पण अल्पभांडवली चित्रपटाच्या दृष्टीने हा क्रम फार उपयोगाचा आहे. रव स्वस्त आहे. दर्शन महाग आहे. ज्यांना हे उमगले त्यांनी कमी पैशांत खरे भय निर्माण केले. व्हॅल ल्यूटनने १९४२ मध्ये निर्माण केलेल्या 'कॅट पीपल' या चित्रपटातील तरणतलावाचा प्रसंग केवळ सावल्या आणि गुरगुर यांवर उभा आहे, आणि त्याला कोणी हसत नाही. कॉर्मनच्याच 'अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स' (१९५७) या चित्रपटात तर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. पॅसिफिक महासागरातील एका बेटावर अणुचाचण्यांचे परिणाम तपासण्यासाठी शास्त्रज्ञांची तुकडी येते. आधीची तुकडी नाहीशी झालेली आहे. रात्री त्यांना त्या नाहीशा झालेल्यांपैकी एकाचा आवाज ऐकू येतो. तो त्यांना जवळ बोलावतो. बेटावर वाढलेले महाकाय खेकडे ज्याला खातात त्याचा मेंदूही आत्मसात करतात, आणि मग त्याच्याच आवाजात, त्याच्याच आठवणींसह त्याच्या मित्रांशी बोलतात, असा उलगडा पुढे होतो. चार्ल्स ग्रिफिथ या पटकथालेखकाची ही कल्पना कोणत्याही मोठ्या लेखकाने हेवा करावा अशी आहे. मृत मित्राचा मायाळू आवाज हाच येथे विकृत रव. तो ऐकताना भय आणि शोक यांची जी सरमिसळ होते ती फार खर्चाच्या कित्येक चित्रपटांना साधलेली नाही. पण खेकडा दाखवावाच लागतो, कारण भित्तिपत्रकावर त्याचे वचन दिलेले असते. आणि तो मोठाल्या डोळ्यांचा खेकडा वाळूत हलू लागला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकून हसतो.

ही सुटका म्हणजे केवळ रसभंग, असे समजणे घाईचे ठरेल. स्टीव्हन किंग या भयकथालेखकाने 'डान्स मकाब्र' (१९८१) या आपल्या समीक्षाग्रंथात दारामागच्या भयाचा विचार केला आहे. दार बंद असते तोवर त्यामागे काहीही असू शकते. ते उघडले आणि आत दहा फुटी किडा दिसला, तर प्रेक्षक किंचाळतो खरा, पण त्याच क्षणी निश्चिंतही होतो. शंभर फुटी नव्हता, एवढे त्याला कळलेले असते. रबराच्या राक्षसाने हसणारा प्रेक्षक याच निश्चिंततेच्या पुढच्या पायरीवर उभा असतो. तो हसतो, कारण तोवर तो भ्यालेला असतो. ज्याने पहिला तासभर मनापासून भय घेतले नाही, त्याच्या हसण्याला हे वजन नसते. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

परंतु मुळात १९५६ चा प्रेक्षक भ्याला तरी का? अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत पहिले संभावनाविरहाचे, म्हणजे दाखवलेले शक्यच नाही असे वाटण्याचे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर ती रामादिकांसारख्या प्रख्यात पुरुषांच्या नावे दाखवावीत, म्हणजे परंपरेने रुजलेली श्रद्धा हे विघ्न दूर करते, असा त्यावर त्याचा उपाय आहे. रावणाची दहा तोंडे पाहून कोणी शंका काढत नाही. ती लहानपणापासून ऐकलेली असतात. शुक्रावरच्या सत्त्वापाठी असे पुराण नव्हते. त्याची उणीव भरून काढली ती वर्तमानपत्राने. १९४७ पासून उडत्या तबकड्यांच्या बातम्या येत होत्या. १९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटावरील हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जपानात 'गोजिरा' प्रदर्शित झाला. 'गोजिरा'चा निर्मितिखर्च त्या देशाच्या मानाने मोठा होता. तरी त्यातला राक्षसही शेवटी जाड रबरी वेष चढवून खेळण्यातल्या शहरातून चालणारा एक नटच होता. त्या नटाला पाहून जपानी प्रेक्षकाला हसू येणे कठीण होते, कारण जळलेले शहर त्याने पाहिलेले होते. हाच चित्रपट १९५६ मध्ये अमेरिकेत आणताना नवी दृश्ये घालून आणि अणुबाँबचे उल्लेख पुष्कळसे गाळून आणण्यात आला. म्हणजे वेष तेवढा नेला, आणि त्या वेषाला सत्त्व देणारी स्मृती मागे ठेवली. तिकडे पुढे त्या प्राण्याची खेळणी झाली याचे मग नवल वाटत नाही.

वर्तमानपत्राने पडद्याला बळ दिल्याची सर्वांत बोलकी साक्ष किंगच्याच उपर्युक्त ग्रंथात आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात, दहा वर्षांचा असताना, कनेटिकटमधील स्ट्रॅटफर्ड या गावी तो 'अर्थ व्हर्सस द फ्लाइंग सॉसर्स' पाहत होता. ('द जायंट क्लॉ'चा दिग्दर्शक फ्रेड सीअर्स याचाच हा चित्रपट, मात्र येथे तबकड्या रे हॅरीहाउझेनने केल्या होत्या, त्यामुळे त्यांना कोणी हसत नव्हते.) ऐन रंगात खेळ थांबला, दिवे लागले, आणि व्यवस्थापकाने पुढे येऊन सांगितले की रशियाने पृथ्वीभोवती फिरणारा एक उपग्रह आकाशात सोडला आहे, त्याचे नाव स्पुटनिक. मुले सुन्न बसली. त्यांतले एक, हे खोटे आहे, असे ओरडले. थोड्या वेळाने चित्रपट पुढे सुरू झाला. त्या दुपारी संभावनाविरह नावाचे विघ्न त्या सभागृहात उरले नव्हते. आणि ते ओरडणारे मूल! चित्रपटातल्या तबकड्यांना त्याने खोटे म्हटले नव्हते. खोटे म्हटले ते बातमीला.

वर्तमानपत्राकडून उसनी घेतलेली श्रद्धा वर्तमानपत्राइतकीच टिकते. १९६२ च्या डिसेंबरात मॅरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि त्या ग्रहाचा पृष्ठभाग भट्टीसारखा तापलेला असल्याचे दिसून आले. कॉर्मनच्या सत्त्वाचे माहेरच त्यामुळे नाहीसे झाले. सुझन सॉन्टॅगने १९६५ मध्ये 'द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर' हा प्रसिद्ध निबंध लिहिला तेव्हा या चित्रपटांचा भर ओसरला होता. या चित्रपटांच्या मुळाशी असलेली भीती खरी आहे, तिच्यावर त्यांनी दिलेला उतारा मात्र भाबडा आणि अपुरा आहे, असे तिच्या विवेचनाचे एक सूत्र आहे. ते मार्मिक आहे, तरी त्यात प्रेक्षक जवळजवळ अनुपस्थित आहे. तो कोठे बसला होता, कोणाबरोबर बसला होता, कोणत्या क्षणी हसला, याची चौकशी सॉन्टॅग करत नाही. पुढच्या पंधरा वर्षांत हे चित्रपट दूरचित्रवाणीवर अपरात्री दाखवले जाऊ लागले. मोटारीतला कळप फुटला आणि एकटा प्रेक्षक उरला. भयापूर्वीच हसू यावे, ही स्थिती तयार झाली ती या काळात.

तिला अधिकृत रूप दिले ते १९८० मध्ये हॅरी व मायकेल मेडव्हेड या बंधूंच्या 'द गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने. वाचकांची मते मागवून त्यांनी एडवर्ड वुडच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या चित्रपटास आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवले. या चित्रपटाचा पहिला खेळ १९५७ मध्ये झाला होता आणि तो प्रदर्शित झाला १९५९ मध्ये. त्यातल्या उणिवा कोणालाही दिसाव्यात अशाच आहेत: हलणारी थडगी, विमानचालकाच्या कक्षेला लावलेला पडदा, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र यांची अदलाबदल. मुख्य आकर्षण म्हणून ज्याचे नाव झळकवले तो बेला लुगोसी १६ ऑगस्ट १९५६ रोजीच मरण पावला होता. त्याची काही मिनिटांची मूक दृश्ये वुडपाशी होती. उरलेल्या भागासाठी त्याने आपल्या पत्नीच्या परिचयातल्या, हाडे बसवणाऱ्या एका वैद्याला उभे केले. लुगोसीशी त्याचे कसलेही साम्य नसल्यामुळे तो संपूर्ण चित्रपटभर झग्याने तोंड झाकून वावरतो. भरताने सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या घातांचे वर्णन करताना मुकुट आणि भूषणे गळून पडणे, शब्द विसरणे, भलत्याच भूमिकेत शिरणे असे नटाच्या हातून होणारे घात सांगितले आहेत. मेलेल्या नटाच्या जागी तोंड झाकलेला वैद्य मात्र त्याच्याही कल्पनेत आला नसावा.

पण 'सर्वांत वाईट' या पदवीत टीकेचा आळस आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाईट चित्रपट दरवर्षी ढिगाने निघतात आणि कंटाळवाणेपणामुळे विसरले जातात. 'प्लॅन नाइन' विसरला गेला नाही याला कारण आहे. त्यातले परग्रहवासी जग जिंकायला आलेले नाहीत. माणूस एकेक बाँब शोधत शेवटी सूर्यप्रकाशाचाच स्फोट करणारा बाँब काढील आणि साऱ्या विश्वाचा नाश करील, म्हणून त्याला थांबवण्यास ते आले आहेत. ही चिंता वुडने उधारीच्या भाषेत आणि पुठ्ठ्याच्या भिंतीत मांडली, पण मांडली ती मनापासून. लुगोसीची ती दृश्येही तशीच आहेत. एक थकलेला म्हातारा घरातून बाहेर येतो, एक फूल हुंगतो आणि चौकटीबाहेर निघून जातो. त्या चित्रपटातला करुण तेवढाच आहे आणि तो अस्सल आहे. वुड डिसेंबर १९७८ मध्ये हलाखीत वारला. पदवी त्याला मिळाली ती त्यानंतर. १९९४ मध्ये टिम बर्टनने त्याच्या जीवनावर मोठ्या खर्चाचा चित्रपट काढला आणि लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले. दारिद्र्याचे चित्रण करायला पैसे मिळतात, दारिद्र्यात चित्रण करायला मिळत नाहीत, ही गोष्ट सगळ्याच कलांत जुनी आहे.

याच सुमारास हसण्याचीही एक संस्था झाली. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मिनिआपोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसनने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम सुरू केला. अवकाशात कोंडलेल्या एका माणसाला आणि त्याच्या यंत्रमानवांना वाईट चित्रपट पाहण्याची शिक्षा झालेली आहे. पडद्याच्या तळाशी त्यांच्या काळ्या छायाकृती दिसतात, आणि चित्रपट चालू असता ते अखंड शेरे मारत राहतात. 'रोबॉट मॉन्स्टर' आणि 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड' हे दोन्ही चित्रपट या चरकातून गेले. कार्यक्रम वेगवेगळ्या वाहिन्यांवर १९९९ पर्यंत चालला, २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि त्याला अतिशय निष्ठावंत प्रेक्षक लाभला. भरताने प्रेक्षकांकडून मिळणाऱ्या सिद्धीत स्मित, अर्धहास्य आणि अतिहास्य अशा पायऱ्या मोजल्या आहेत. तसेच शत्रुपक्षाने शेण, ढेकळे आणि मुंग्या फेकून केलेल्या घाताचीही नोंद केली आहे. छायाकृतींचे शेरे या दोहोंपैकी कशात मोडतात?

उत्तर एकेरी नाही. ते शेरे उत्स्फूर्त नसत. लेखकमंडळी प्रत्येक चित्रपट अनेकदा पाहून, शब्दागणिक जागा हेरून ते लिहीत. इतक्या बारकाईने तर हे चित्रपट त्यांच्या निर्मात्यांनीही पाहिले नसतील. एकट्या प्रेक्षकाला हसायला सोबत मिळाली, मोटारीतला मोडलेला कळप छायारूपाने का होईना परत आला, हा त्या कार्यक्रमाचा मोठाच गुण. पण सोबतीबरोबर तयार हसूही आले. भयाची संधी यापूर्वीच काढून घेण्यात आलेली आहे. व्हॅन क्लीफ रेडिओपुढे बसतो तोच शेरा येतो. राक्षस निघण्याची वाट कोणी पाहत नाही. हसू सुटकेचे राहत नाही, ते वरचढपणाचे होते. १९९५ मध्ये जेफ्री स्कॉन्सने 'स्क्रीन' या नियतकालिकातील आपल्या लेखात या वृत्तीचा उलगडा केला आहे. हे टाकाऊ चित्रपट डोक्यावर घेणारा वर्ग बहुधा सुशिक्षितच असतो, आणि प्रतिष्ठित अभिरुचीला खिजवण्यासाठी तो त्यांचा उपयोग करतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. हे खरे असेल तर हा प्रेक्षक राक्षसाला हसत नाही आणि चित्रपटाला तर मुळीच नाही. तो आपल्या प्राध्यापकांना हसतो. त्यात गैर काही नाही, पण त्यासाठी बिचाऱ्या कॉर्मनच्या सत्त्वाला वेठीला धरण्याचे कारण नव्हते.

हसण्यामुळे राक्षसाचे सत्त्व नष्ट होतेच असे नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो तो काळ्या कापडाचे तोंड आणि लोंबती लाल जीभ घेऊन. त्याचा वेष हा वेष आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते, त्यातला नटही ओळखीचा असतो. मोठी माणसे त्याच्या गमतीदार बोलण्याला हसतात, आणि त्याच वेळी पुढे बसलेली मुले मागे सरकतात. वेष आणि सत्त्व एकाच वेळी दिसत असतात, कारण ज्या पुराणाने त्याला सत्त्व दिले ते अजून प्रेक्षकांच्या ओळखीचे आहे. अमेरिकन राक्षसाचे दुर्दैव हे की त्याच्या वेषापेक्षा त्याचे पुराण आधी विटले.

तरीही या चित्रपटांत काही क्षण असे आहेत की जेथे पुराण नसूनही सत्त्व शिल्लक राहते. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) हा अशा क्षणासाठी शोधण्यासारखा चित्रपट नव्हे. फिल टकरने तो चार दिवसांत संपवला. राक्षसासाठी पैसे नसल्यामुळे ज्याच्या घरी गोरिलाचा वेष होता असा एक नट त्याने बोलावला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे शिरस्त्राण बसवले. गुहेच्या तोंडाशी एक यंत्र साबणाचे फुगे सोडत असते. संगीत मात्र एल्मर बर्नस्टाइनचे, जो पुढे हॉलिवुडच्या पहिल्या प्रतीच्या संगीतकारांत गणला गेला. या रो-मॅनने पृथ्वीवरची माणसे जवळजवळ संपवली आहेत; मूठभर उरली आहेत, आणि त्यांतल्या एका तरुणीविषयी त्याच्या मनात काहीतरी हलले आहे. वरिष्ठांची आज्ञा आहे की तिला मार. तो एकटा उघड्या टेकाडावर हात हलवत स्वतःशी तर्क करतो: जे केलेच पाहिजे ते आपल्याला का करवत नाही? मग वरिष्ठांना विचारतो की माणसासारखे हसणे, काही वाटणे, काही हवेसे होणे, हे योजनेत का नाही? भाषा बोजड, वेष हास्यास्पद, आवाज दुसऱ्याच नटाचा. छायाकृती येथेही शेरे मारतात. पण ज्याला साऱ्या चित्रपटसृष्टीत सर्वांत अधिक हसले गेले, तो राक्षस हसू यावे म्हणून विनवणी करतो, हे एकदा ध्यानात आले की पुढचा शेरा ऐकू येत नाही.

पेनसिल्व्हेनियात फीनिक्सव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. १९५८ च्या 'द ब्लॉब' या चित्रपटाचा काही भाग तेथे चित्रित झाला. धार्मिक चित्रपट काढणाऱ्या मंडळींनी केलेला हा चित्रपट. त्यातला राक्षस म्हणजे लाल रंगाचा सिलिकोनचा गोळा. हातपाय नाहीत, तोंड नाही, त्यामुळे वेष चढवण्याचा प्रश्नच त्यांनी मुळात ठेवला नाही, आणि ही त्यांची युक्ती नावाजण्यासारखी आहे. गावातल्या कलोनियल नावाच्या चित्रपटगृहात रात्री भयपट चालू असतो. प्रेक्षक मजेने बसलेले असतात. तो गोळा प्रक्षेपणकक्षेच्या झरोक्यांतून आत ओघळतो आणि सारे प्रेक्षक किंचाळत दारांतून रस्त्यावर धावत सुटतात. ते चित्रपटगृह अजून चालू आहे. २००० पासून दर उन्हाळ्यात तेथे या चित्रपटाचा उत्सव भरतो. त्यातला मुख्य विधी असा : लोक तिकीट काढून आत जाऊन बसतात, आणि ठरल्या वेळी, मागे काहीही नसताना, आरोळ्या ठोकत त्याच दारांतून बाहेर धावत येतात. बाहेर रस्त्यावर त्यांना पाहण्यासाठी दुसरे प्रेक्षक उभे असतात.